वर्गणी भरली, पण पुस्तक कोणाचे?

'वर्गणी' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील आपला वाङ्मयीन व्यवहार बव्हंशी वर्गणीदारांच्या आधारावरच उभा राहिला. औंध संस्थानाचे उदाहरण घ्यावे. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मुख्यतः विखुरलेले हे लहानसे संस्थान. परंतु त्याच्या हद्दीतून निघणारी मासिके महाराष्ट्रभर घरोघर जात. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. पुढे 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही त्याची भावंडे झाली. खुद्द औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाने वेदसंहिता छापल्या व 'पुरुषार्थ' मासिक चालविले. वर्गणीदार वर्षाची रक्कम पाठवी आणि अंक टपालाने येई. वर्गणी संपली की पुढचा अंक येणे थांबे. आलेले अंक मात्र घरातच राहत. ते बांधून ठेवता येत, शेजाऱ्याला वाचायला देता येत आणि शेवटी रद्दीत गेले तरी दुसऱ्या एखाद्या वाचकाच्या हाती पडत.

ग्रंथालयाची वर्गणी ही याच व्यवहाराची दुसरी शाखा. गावच्या वाचनालयाचा सभासद महिन्याची वर्गणी आणि थोडी अनामत भरतो. त्याने घरी नेलेले पुस्तक त्याचे नसते हे खरे. परंतु ते वाचनालयाचे, म्हणजे पर्यायाने गावाचे असते. सभासदांची वर्गणी, देणग्या आणि सरकारी अनुदान यांतून कपाटात भर पडत जाते. सभासदाने गाव सोडले, तरी त्याने भरलेल्या पैशांचा काही अंश त्या कपाटात शिल्लक राहतो.

अलीकडे वर्गणीचा तिसरा प्रकार आपल्याकडे रुजला आहे. ॲमेझॉन कंपनीने 'किंडल अनलिमिटेड' ही योजना अमेरिकेत जुलै २०१४ मध्ये आणि भारतात सप्टेंबर २०१५ मध्ये आणली. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तकांचे दालन उघडले. स्वीडनमधील 'स्टोरीटेल' ही कंपनी नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आली आणि तिने मराठी बोलकी पुस्तके व ई-पुस्तके मासिक वर्गणीवर उपलब्ध करून दिली. महिन्याला ठराविक रक्कम भरा आणि हवे तितके वाचा, असे या योजनांचे सर्वसाधारण स्वरूप असते. या वर्गणीत वाचकाच्या घरी काही येत नाही आणि गावाच्या कपाटातही काही पडत नाही. वर्गणी थांबली की वाचन थांबते आणि वाचलेले पुस्तकही नजरेआड होते. हा फरक केवळ तांत्रिक आहे, असे मानून चालणार नाही.

लाभाची बाजू

प्रथम या व्यवस्थेच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. ई-पुस्तक एकदा तयार झाले, की ते आणखी एका वाचकाला देण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. एकाने वाचले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. अशा वस्तूला प्रत्येक वेळी स्वतंत्र किंमत लावणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने फारसे शहाणपणाचे नाही. एकदाच ठोक रक्कम घ्यावी आणि पुढे मोकळीक द्यावी, हे तत्त्व तर्काला धरून आहे. खटाव-माण किंवा आटपाडीसारख्या भागातल्या तरुणाला नवे पुस्तक हवे असेल, तर पूर्वी सातारा, सांगली नाहीतर पुणे गाठावे लागे. आज त्याच्या हातातल्या फोनवर ते क्षणात येते. अधू दृष्टीच्या वाचकाला अक्षर मोठे करता येते, ज्याला वाचणे जमत नाही त्याला ऐकता येते. हे लाभ लहान नाहीत आणि त्यांना नाके मुरडणे अन्यायाचे होईल.

पैशाचा हिशेबही पाहावा. महिन्याला साधारण दीडशे-दोनशे रुपये धरले, तर वर्षाचे दोन हजार होतात. मध्यम आकाराच्या मराठी पुस्तकाची किंमत तीनशे रुपये धरली, तर त्या रकमेत सहा-सात पुस्तके विकत येतील. म्हणजे जो वर्षाला वीस-पंचवीस पुस्तके खरोखर वाचतो, त्याला वर्गणी स्वस्त पडते. जो दोन महिन्यांत एखादे पुस्तक वाचतो, त्याने विकत घेतलेले बरे. कारण दहा वर्षांनी त्याच्या घरात साठ-सत्तर पुस्तके असतील आणि ती घरातल्या चौघांनी वाचलेली असतील. नोकरदार माणसाने वर्गणी भरण्यापूर्वी आपण कोणत्या गटात बसतो, हे प्रामाणिकपणे ठरवावे. बहुतेकांचा वाचनाचा संकल्प त्यांच्या प्रत्यक्ष वाचनापेक्षा मोठा असतो आणि वर्गणीचा धंदा काही अंशी या अंतरावरच चालतो.

खानावळीचा हिशेब

या धंद्याचे गणित खानावळीच्या महिन्याच्या पाससारखे आहे. पोटभर जेवण, पैसे ठराविक. मालकाला परवडते ते कमी जेवणाऱ्यांमुळे. चार पोळ्यांवर उठणाऱ्यांनी भरलेल्या पैशांतून दहा पोळ्या खाणाऱ्याचे भागते. दहा पोळ्या खाणारेच अधिक येऊ लागले, तर मालक एक तर पास महाग करतो, नाहीतर पोळ्या मोजू लागतो. पुस्तकांच्या बाबतीत अगदी हेच घडलेले आहे. अमेरिकेत 'ऑयस्टर' ही कंपनी २०१३ मध्ये अमर्याद वाचनाची योजना घेऊन आली. सप्टेंबर २०१५ मध्ये तिने दुकान आवरत असल्याचे जाहीर केले. 'स्क्रिब्ड' कंपनीचा अनुभव अधिक बोलका आहे. वाचकाने पुस्तकाचा ठराविक भाग ओलांडला, की प्रकाशकाला जवळजवळ विक्रीइतके पैसे द्यावे लागत. प्रणयकथांचे वाचक इतक्या झपाट्याने वाचू लागले, की २०१५ मध्ये कंपनीने त्या विभागातील पुष्कळ पुस्तके काढूनच टाकली आणि २०१६ मध्ये महिन्याला तीन पुस्तकांची मर्यादा घातली. पुढे २०१८ मध्ये ती सैल केली, ही गोष्ट वेगळी. ज्यांना वाचनाची सर्वाधिक भूक, त्यांच्याच पानातला पदार्थ प्रथम उचलला गेला, हे यातले लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरा मार्ग म्हणजे लेखकाला द्यायची रक्कमच आधी ठरवून ठेवणे. किंडल अनलिमिटेडमध्ये स्वतःचे पुस्तक स्वतः प्रसिद्ध करणाऱ्या लेखकांसाठी दर महिन्याला एक निधी जाहीर होतो आणि जुलै २०१५ पासून तो वाचल्या गेलेल्या पानांच्या प्रमाणात वाटला जातो. शिवाय ते ई-पुस्तक नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीने त्या एकाच कंपनीकडे ठेवण्याची अट असते. पानागणिक मोबदला हे ऐकायला न्याय्य वाटते. तथापि त्याचा परिणाम काय होईल? चारशे पानांची, एका बैठकीत उरकणारी मालिका लिहिणाऱ्याला त्यात लाभ. साठ पानांचा कवितासंग्रह, जो वाचक वर्षानुवर्षे उघडून दोन पाने वाचतो, त्याला लाभ नाही. कोश, व्याकरण, संदर्भग्रंथ यांची तर गोष्टच नको. ज्या भाषेचा बाजार आधीच लहान आहे, त्या भाषेत कोणत्या प्रकारचे लेखन टिकेल, हे अशा सूत्रांनी ठरू द्यावे का, याचा विचार मराठीच्या अभिमान्यांनी केला पाहिजे.

तिसरी मर्यादा यादीची आहे. वर्गणीच्या यादीत भाषेतील सर्व ग्रंथ असतात, असा एक गोड गैरसमज आहे. ज्या प्रकाशकांना विक्री होत असलेली पुस्तके वर्गणीत द्यायची नसतात, ते देत नाहीत. ज्यांचे वारस सापडत नाहीत, ज्यांच्या प्रती जुन्या खिळ्यांच्या छपाईत आहेत, त्या पुस्तकांसाठी खर्च करायला कोणी पुढे येत नाही. शिवाय यादी स्थिर नसते. करार संपला की नाव गळते. विद्यार्थ्याने ज्या पुस्तकावर टिपणे काढायला घेतली, ते पुढच्या सत्रात तेथे असेलच, याची हमी कोणी देत नाही.

पाठभेद उरले म्हणून

येथे पुन्हा औंधाकडे वळावेसे वाटते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी, अशी सूचना १९१८ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी केली आणि तिच्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली. काश्मीरच्या शारदा लिपीतली, बंगालमधली, दक्षिणेतल्या ग्रंथ आणि मल्याळम लिपींतली, अशी ही हस्तलिखिते देशभर पसरलेली होती. कोणी देवळात, कोणी मठात, कोणी घरातल्या पेटीत ती जपली होती. त्यांच्यात पाठभेद होते आणि त्या पाठभेदांमुळेच मूळ पाठापर्यंत जाण्याची वाट सापडली. समजा, महाभारताची एकच प्रत एका संस्थानिकाच्या कोठारात असती आणि बाकीच्यांना ती पाहण्याचा परवाना मिळत असता, तर हे संशोधन संभवलेच नसते. ते कोठार जळाले असते, तर ग्रंथच गेला असता.

वर्गणीच्या पुस्तकाची स्थिती नेमकी अशी आहे. लक्षावधी वाचकांच्या पडद्यावर ते दिसते; परंतु त्याचे नियंत्रण एका ठिकाणी असते. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून ॲमेझॉनने दूरवरून पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण होते. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. येथेही पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. २०२३ मध्ये रोआल्ड डाल यांच्या बालसाहित्याच्या शब्दांत प्रकाशकांनी फेरफार केले, तेव्हा आधी घेतलेल्या ई-पुस्तकांतही नवा पाठ आपोआप उतरल्याचे वृत्त ब्रिटिश वृत्तपत्रांनी दिले. फेरफार चांगला की वाईट, हा वाद बाजूला ठेवू. जुना पाठ वाचकाच्या हातात राहिला नाही, हे महत्त्वाचे. ही उदाहरणे बहुतांशी विकत घेतलेल्या पुस्तकांची आहेत. विकत घेणाऱ्याची ही कथा, तर केवळ वर्गणीदाराच्या हाती काय राहणार!

कायद्याची पोकळी

छापील पुस्तकाच्या वाचकाला कायद्याने एक मोठे स्वातंत्र्य दिलेले आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ मधील स्पष्टीकरणानुसार एकदा विकली गेलेली प्रत ही प्रसारात आलेली प्रत समजली जाते. म्हणून आपण पुस्तक दुसऱ्याला विकू शकतो, भेट देऊ शकतो, वाचनालयाला दान करू शकतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांचा व्यापार आणि गावोगावची वाचनालये याच तत्त्वावर उभी आहेत. ई-पुस्तकाच्या व्यवहारात मात्र विक्रीऐवजी परवाना दिला जातो. त्यामुळे हे स्वातंत्र्य तेथे पोहोचत नाही. पडद्यावर 'विकत घ्या' असे लिहिलेले असते आणि अटींच्या लांबलचक मजकुरात परवाना म्हटलेले असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने विक्रेत्यांवर बंधन घातले आहे, की ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्टपणे सांगितल्याविना 'विकत घ्या' असे शब्द वापरू नयेत. असा नियम आपल्याकडेही करणे अवघड नाही.

दुसरी पोकळी अधिक गंभीर आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठराविक ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले; त्यांपैकी एक ग्रंथालय मुंबईत आहे. परंतु त्या कायद्यातील पुस्तकाची व्याख्या छापील पुस्तकापुरती आहे. जी मराठी कादंबरी केवळ ई-पुस्तक म्हणून एखाद्या कंपनीच्या यादीत आली, कागदावर कधी छापलीच गेली नाही, तिची प्रत कोणत्याही ग्रंथालयात जाण्याची व्यवस्था नाही. उद्या कंपनीने ती यादीतून काढली आणि लेखकाच्या संगणकातील मूळ मजकूर हरवला, तर त्या कादंबरीचा मागमूसही राहणार नाही. पन्नास वर्षांनी या काळातील मराठी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हे दालन रिकामे सापडेल.

सार्वजनिक पैशाची कसोटी

खाजगी वाचकाने वर्गणी भरावी की न भरावी, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. सार्वजनिक पैशाचा प्रश्न तसा नाही. इन्फ्लिबनेट संस्थेच्या 'एन-लिस्ट' योजनेने ग्रामीण अनुदानित महाविद्यालयांना अल्प शुल्कात लाखाहून अधिक ई-पुस्तके उघडून दिली, हे मोठे काम झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना वाचता यावीत, म्हणून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवण्यात आले. म्हणजे वर्षाला सरासरी दोन हजार कोटी. संशोधकांची सोय झाली, यात शंका नाही. परंतु अशा प्रत्येक करारात, मुदत संपल्यानंतर पैसे भरलेल्या वर्षांचे साहित्य आपल्याकडे राहणार की नाही, हे कलम सर्वांत आधी वाचले पाहिजे. भाडे आणि खरेदी यांतला फरक घर घेताना आपल्याला कळतो. ग्रंथालयाचे अंदाजपत्रक करतानाही तो कळला पाहिजे.

महाविद्यालयांत आणि वाचनालयांत 'आता सगळे फोनवर मिळते, पुस्तके कशाला घ्यायची' असा सूर ऐकू येतो. ज्यांच्यावर अनुदान वाटण्याची जबाबदारी आहे, त्यांना हा सूर सोयीचा वाटण्याचा धोका आहे. पुस्तकखरेदी एकदा थांबली, की पाच-दहा वर्षांचा खंड नंतर भरून निघत नाही. कारण मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते आणि संपल्यावर ती पुन्हा निघेलच असे नाही. औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ गुजरातेतील पारडीला गेले. राजसत्ता गेली, संस्था गेली; पण औंधाच्या टेकडीवर १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय आणि त्याचा ग्रंथसंग्रह जागेवर राहिला. ज्याने पुस्तके घेतली तो नाहीसा झाला, तरी पुस्तके राहतात. वर्गणीत पैसे भरणारा थांबताच सारे थांबते.

तेव्हा करावे काय? अनुदानातील ठराविक हिस्सा ग्रंथालयाच्या मालकीच्या प्रतींवरच खर्च व्हावा आणि वर्गणी ही त्याला पूरक असावी. ग्रंथप्रदान कायद्याच्या व्याख्येत केवळ ई-स्वरूपात निघणाऱ्या पुस्तकांचा समावेश व्हावा. आणि ज्या ग्रंथांचा प्रताधिकार संपला आहे, ते सर्वांना विनामूल्य खुले व्हावेत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. औंधच्या शाळेत काही काळ शिकलेले साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. त्यांचे साहित्य २०११ पासून समाजाचे झाले आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे लेखन त्यानंतर वर्षभराने मुक्त झाले. असे ग्रंथ वाचण्यासाठी मराठी माणसाला कोणाचीही वर्गणी भरावी लागू नये. हे अशक्य नाही, याचा पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचा पाया घातला, त्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे घराघरांत ठेवलेली पुस्तके येणाऱ्या-जाणाऱ्याने उघडून वाचावीत, अशी सोय आहे. एक उदाहरण संगणकाचे, दुसरे कागदाचे. दोन्ही ठिकाणी पैसा समाजाचा लागला आणि पुस्तक समाजाकडेच राहिले.

शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी नव्या सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. एकदा वाचून बाजूला ठेवायचे ते वर्गणीवर वाचावे. ज्याच्याकडे पुन्हा वळावे लागणार, जे मुलांच्या हाती द्यायचे, ते पुस्तक मात्र विकत घ्यावे. आणि स्वतःला परवडत नसेल, तर गावच्या वाचनालयाला ते घ्यायला लावावे. वाचनालयाच्या वार्षिक सभेला पाच-दहा सभासद जमतात, त्यांत आपण असावे आणि यंदा पुस्तकखरेदीवर किती रुपये खर्च झाले, हा प्रश्न तेथे उभे राहून विचारावा.